शेक्सपिअरच्या रंगमंचावरची दाढी: सेबॅस्टियनने ती काढावी की ठेवावी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: महाविद्यालयातल्या मुलांना घेऊन तुम्ही 'ट्वेल्फ्थ नाइट' मराठीत बसवताय. सेबॅस्टियनचं काम करणाऱ्या मुलाला भरघोस दाढी आहे आणि ती काढायला तो तयार नाही. त्या काळच्या इंग्रजी नाटकांत दाढी हे पुरुषत्वाचं प्रतीक असायचं असं तुमच्या वाचनात आलंय, तेव्हा ती राहिली तर बिघडलं कुठे, असं तुम्हाला वाटतंय. शिवाय या नाटकांत दाढीचे इतके उल्लेख का येतात आणि मराठीत त्यांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. मी गेली २५ वर्षं ही नाटकं वर्गात शिकवतो आणि अधूनमधून मराठीत बसवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेबॅस्टियनचं आधी सांगतो, कारण तुमच्या तालमी सुरू आहेत. दाढी काढावी लागेल. व्हायोला आणि सेबॅस्टियन ही जुळी भावंडं. जहाज फुटतं, दोघांची ताटातूट होते, व्हायोला पुरुषवेष घेऊन सिझारिओ या नावाने ड्यूक ओर्सिनोच्या चाकरीत राहते. पुढचा सगळा घोळ एकाच गोष्टीवर उभा आहे: ओर्सिनोचं जिच्यावर मन आहे त्या ऑलिव्हियाला, तिचा काका सर टोबी याला, सेबॅस्टियनचा मित्र अँटोनिओ याला, कोणालाच या दोघांतला फरक कळत नाही. ऑलिव्हिया तर सेबॅस्टियनला सिझारिओ समजून त्याच्याशी लग्न लावून मोकळी होते. आणि सिझारिओची हनुवटी गुळगुळीत आहे हे पात्रं जाता-येता बोलून दाखवतात. ओर्सिनो म्हणतो, डायना देवीचे ओठही इतके मऊ आणि लाल नसतील. ऑलिव्हियाचा कारभारी मालव्होलिओ म्हणतो, पुरुष म्हणावा इतका मोठा नाही, पोर म्हणावं इतका लहान नाही. विदूषक फेस्टे तर सिझारिओला थेट दाढीचा आशीर्वाद देतो. त्यामुळे 'मग दोघांनाही दाढी लावू' ही पळवाटही बंद आहे. २ फेब्रुवारी १६०२ ला लंडनच्या मिडल टेम्पलमध्ये हे नाटक झालं, तेव्हा ते पाहून जॉन मॅनिंगहॅम नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने आपल्या रोजनिशीत नोंद केली. त्याला हे नाटक 'कॉमेडी ऑफ एरर्स' आणि प्लॉटस या रोमन नाटककाराच्या 'मेनेक्मी'सारखं वाटलं. दोन्ही जुळ्यांची नाटकं. म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांतही हे सारखेपणच भरलं होतं.

इथे थोडी सूट आहे, ती परिस्थितीवर अवलंबून. जुळ्यांची कामं करणारे दोन नट हुबेहूब सारखे कधीच नसतात. एकाच कापडाचे कपडे, एकसारखी टोपी, चालण्यातली एखादी लकब एवढ्यावर प्रेक्षक समजून घेतात. पण कपड्यांनी जमवलेलं सारखेपण दाढी पुसून टाकते, कारण रंगमंचावर नजर आधी चेहऱ्यावर जाते. त्या मुलाचं दाढीमागचं कारण धार्मिक असेल, घरात कसलं व्रत असेल, तर अजिबात हट्ट धरू नका. त्याला अँटोनिओ द्या. समुद्रावर लढलेला, ओर्सिनोच्या माणसांना हवा असलेला, मित्रासाठी जीव धोक्यात घालणारा तो माणूस. त्याला दाढी शोभते आणि नाटकाला ती हवीच आहे: त्याच्याशेजारी कोवळा सेबॅस्टियन उभा राहिला की दोघांच्या वयातलं अंतर न बोलता कळतं.

आता प्रतीकाचं. दाढी म्हणजे पुरुषत्व हे चूक नाही. गेलन या प्राचीन वैद्यापासून चालत आलेल्या वैद्यकात पुरुषाचा देह उष्ण आणि स्त्रीचा देह शीत मानला जाई, आणि दाढी ही त्या उष्णतेची बाहेर पडलेली खूण. 'मच अडू अबाउट नथिंग'मधली बिआट्रिस एका वाक्यात हिशेब मांडते: दाढी असलेला तो पोरापेक्षा मोठा, दाढी नसलेला तो पुरुषापेक्षा कमी. पण याच नाटककारांच्या काळात दाढी न्हाव्याच्या हातात होती, हे विसरू नये. १५७७ साली छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात विल्यम हॅरिसन लिहितो की चेहरा अरुंद असेल तर अमुक कापणीने तो रुंद दिसतो, थाळीसारखा पसरट असेल तर लांब निमुळत्या दाढीने अरुंद दिसतो. निसर्गाने दिलेली खूण आणि न्हाव्याने दिलेला आकार, दोन्ही एकाच हनुवटीवर. 'ॲज यू लाइक इट'मध्ये माणसाच्या सात अवस्था सांगताना सैनिकाची दाढी चित्त्यासारखी रानटी आणि न्यायाधीशाची रीतसर कापलेली आहे, ती यामुळेच.

रंगमंचावर आल्यावर यात आणखी एक गुंता येतो. तिथे तीन तऱ्हेच्या हनुवट्या होत्या. काही नटांची दाढी खरी, काहींची चिकटवलेली, आणि स्त्री-भूमिका करणाऱ्या मुलांची हनुवटी कोरी. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर १६६० पर्यंत बायका नव्हत्या. व्हायोला, बिआट्रिस, 'किंग लिअर'मधली रीगन ही सगळी कामं साधारण बारा-तेरापासून विशीपर्यंतची मुलं करत. म्हणजे दाढीबद्दलचं प्रत्येक वाक्य समोर दिसणाऱ्या कुठल्यातरी खऱ्या हनुवटीवर जाऊन आदळत होतं. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये हौशी कारागीर एक नाटक बसवतात, त्यांच्यातला फ्लूट काकुळतीने सांगतो, मला बाईचं काम देऊ नका, मला दाढी फुटायला लागलीय. ही नुसती गंमत नाही. कंपनीतल्या प्रत्येक मुलावर हा दिवस येणार होता, आणि त्या दिवशी त्याची नायिकेची कामं संपणार होती. राजाला खोळंबावं लागलं कारण राणीची दाढी अजून करून व्हायची होती, असा दुसऱ्या चार्ल्सच्या वेळचा किस्सा कॉली सिबर या नटाने १७४० साली लिहून ठेवलाय.

बालगंधर्वांच्या परंपरेतल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. पदराखाली पुरुष आहे हे ठाऊक असूनही डोळे भरून येतात, आणि ठाऊक असणं व विसरणं एकाच वेळी चालू राहतं. फेस्टे म्हणतो, पुढच्या वेळी केस वाटायला काढले की देव तुला दाढी देवो. व्हायोला उत्तर देते, खरं सांगते, एका दाढीसाठी माझा जीव झुरतोय. आणि मग हळूच, फक्त प्रेक्षकांना: पण ती माझ्या हनुवटीवर उगवायला नको. तिला ओर्सिनो हवाय. पण हे बोलणारा मुलगा आहे, आणि त्याच्या हनुवटीवर दाढी उगवणं म्हणजे त्याचं हे काम जाणं. एका वाक्यात दोन माणसं बोलतात. तुमची व्हायोला मुलगी करत असेल तर दुसरा थर जातो, त्याला इलाज नाही. पहिला थर मात्र पुरेपूर मिळवा: 'जीव झुरतोय' यावर तिला थांबू द्या, फेस्टेकडे बघू द्या, मग प्रेक्षकांकडे वळू द्या.

याच नाटकात आणखी एक दाढी आहे आणि ती कापू नका, असं आग्रहाने सांगतो, कारण मी एकदा कापली होती. मालव्होलिओला अंधाऱ्या खोलीत कोंडलंय. फेस्टे सर टोपास नावाच्या धर्मगुरूचं सोंग घेऊन त्याला छळायला येतो, त्याआधी ऑलिव्हियाची दासी मराया फेस्टेला झगा आणि दाढी देते. सर टोपासचा भाग संपताना तीच म्हणते, हे तू दाढी-झग्याशिवायही करू शकला असतास, तो काही तुला बघत नव्हता. मी पहिल्यांदा हे बसवलं तेव्हा विचार केला, जी दाढी ज्याला फसवायचं त्याला दिसतच नाही ती कशाला हवी? काढली. दोन तालमींत प्रवेश सपाट झाला. फेस्टे नुसता आवाज बदलणारा विदूषक राहिला. दाढी परत आणली आणि लक्षात आलं की ती मालव्होलिओसाठी नव्हतीच. ती आपल्यासाठी आहे. आपल्या डोळ्यांदेखत एक माणूस दाढी लावतो आणि एका शहाण्या माणसाला वेडा ठरवायचा अधिकार त्याच्यात येतो. तो अधिकार दोरीने बांधलाय हे आपल्याला दिसतं, खोलीतल्याला दिसत नाही. त्या प्रवेशातलं क्रौर्य तिथे आहे.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, नाटकात दाढी आली की तिच्याकडे वस्तू म्हणून बघा. ती कोणाकडे आहे, कोणाकडे नाही, तिला हात कोण लावतं, ती कधी नाहीशी होते. 'मच अडू'मध्ये ती चक्क पुरावा आहे. बिआट्रिस दुसऱ्या अंकात सांगते की दाढीवाला नवरा मला सहन व्हायचा नाही. तिसऱ्या अंकात तिच्या प्रेमात पडलेला बेनेडिक दात दुखतोय असं सांगत येतो आणि मित्र त्याला घेरतात: याला न्हाव्याकडे कोणी पाहिलं का? क्लॉडिओ म्हणतो, न्हाव्याचा माणूस याच्याबरोबर दिसला होता, आणि याच्या गालावरचा जुना दागिना केव्हाच टेनिसच्या चेंडूंत भरला गेला. (त्या काळी चेंडूंत केस भरत.) बेनेडिक प्रेमाचा शब्दही बोललेला नाही, पण चेहऱ्याने सगळं कबूल केलंय. हे काम करणारा नट पहिल्या दोन अंकांत दाढी लावून आणि तिसऱ्यात ती काढूनच आला पाहिजे. तिथे प्रेक्षकांना आधी दिसायला हवं आणि मग ऐकू यायला हवं.

'हॅम्लेट', 'मॅकबेथ' आणि 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या जागा मी भराभर सांगतो, कारण त्या तुमच्या नजरेत येतीलच. हॅम्लेट बापाच्या भुताबद्दल आपला मित्र होरेशिओची उलटतपासणी घेताना विचारतो, दाढी पांढुरकी होती ना? ओळख पटवायची खूण ती. मॅकबेथचा सोबती बॅन्को, त्याला चेटकिणींचं कोडं पडतं ते दाढीमुळे: तुम्ही बायका असायला हव्यात, पण तुमच्या दाढ्या तसं म्हणू देत नाहीत. 'मर्चंट'मधला सावकार शायलॉक त्या नाटकातल्या अँटोनिओला आठवण करून देतो, तू माझ्या दाढीवर थुंकला होतास.

सगळ्यात जास्त वेळ मी 'किंग लिअर'वर घालवतो. म्हाताऱ्या ग्लॉस्टर या सरदाराने राजा लिअरला डोव्हरकडे निसटून जायला मदत केली आहे. लिअरची मुलगी रीगन आणि तिचा नवरा कॉर्नवॉल हे ग्लॉस्टरच्याच घरी उतरलेले पाहुणे, ते त्याला त्याच्याच खुर्चीला बांधतात. पुढे त्याचे डोळे काढले जातात आणि सगळ्यांना तेवढंच आठवतं. पण त्याआधी रीगन पुढे होते आणि त्याची दाढी उपटते. ग्लॉस्टर कळवळतो तो वेदनेपेक्षा अपमानाने: देवाशपथ, हे फार नीच काम झालं. रीगन म्हणते, एवढी पांढरी, आणि असा दगलबाज! तो म्हणतो, दुष्ट बाई, तू ओरबाडलेले हे केस जिवंत होतील आणि तुझ्यावर आरोप करतील. मी तुमचा यजमान आहे.

क्रम बघा. डोळ्यांना हात घालण्याआधी दाढीला हात जातो. वय, घर, आतिथ्य, दर्जा, जे जे त्या माणसाभोवती कवच म्हणून होतं ते एका मुठीत येतं आणि निघतं. त्यानंतर डोळ्यांचं काय होणार याला आडकाठी उरत नाही. मग एक साधा नोकर मध्ये पडतो. तो रीगनला म्हणतो, तुझ्या हनुवटीला दाढी असती तर याच भांडणात ती धरून गदागदा हलवली असती. हे वाक्य ज्याला उद्देशून बोललं जातं तो दाढी न फुटलेला मुलगा आहे. त्या खोलीत ज्याला पांढरी दाढी आहे तो बांधलेला, आणि जिची हनुवटी कोरी आहे तिची सत्ता. 'दाढी म्हणजे सत्ता' हे सूत्र घेऊन या प्रवेशात शिरलात तर सगळं उलटं पडेल.

आणि इथेच मराठीची अडचण येते, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची. आपल्याकडे पुरुषाची अब्रू मिशीत आहे. ताव मारायचा तो मिशीवर, पीळ भरायचा तो मिशीला, आणि पैज हरलो तर उतरवायची तीही मिशीच. दाढी म्हटलं की आपल्या मनात ऋषी येतो, बैरागी येतो, नाहीतर दुखवट्यातला माणूस. त्यातून 'दाढी धरणे' म्हणजे आपल्या जुन्या मराठीत गयावया करणे. एका वाचनात माझ्या मसुद्यात 'रीगन त्याची दाढी धरते' असं होतं. एक बुजुर्ग नट वाचता वाचता थांबले आणि त्यांनी विचारलं, ही आता त्याची विनवणी कशासाठी करतेय? शब्द बरोबर होते आणि कृती नेमकी उलटी झाली होती. तेव्हापासून मी 'उपटते' लिहितो आणि मूठ दिसेल अशी सूचना देतो. दाढीच्या जागी मिशी आणायचा मोहही होतो. 'हॅम्लेट'मधल्या स्वगतात तो चालून जातो. 'कोण माझी दाढी उपटून माझ्याच तोंडावर फुंकतो' असं हॅम्लेट स्वतःला डिवचत विचारतो, तिथे कोणी प्रत्यक्ष काही उपटत नाही, म्हणून मिशी आणली तरी बिघडत नाही. 'लिअर'मध्ये मात्र ते करू नका. मिशी तरण्या मर्दाची असते. ग्लॉस्टरचं म्हातारपण मुठीत यायला पाहिजे आणि त्याला पांढरी दाढीच लागते.

कधी कधी मराठी मदतीलाही धावते. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये त्याच कारागिरांतला बॉटम त्यांच्या नाटकातल्या नायकाचं, पिरॅमसचं, काम करायला तयार होतो आणि विचारतो, कुठल्या दाढीत करू? वाळल्या गवताच्या रंगाची, नारिंगी-तपकिरी, पक्क्या किरमिजी रंगाची की फ्रेंच मोहरेसारखी पिवळीधमक? भाषांतरात हे रंग बऱ्याचदा 'लाल, पिवळी, जांभळी' असे उरकले जातात. बॉटम विणकर आहे. तो रंगाऱ्याची भाषा बोलतोय. त्याचा तिसरा रंग म्हणजे किरमीज किड्यापासून काढलेला, न उतरणारा पक्का रंग, आणि आपला 'किरमिजी' हा शब्द त्या किड्याच्याच नावावरून आलाय. फ्रेंच मोहर ऐकून नाटक बसवणारा क्विन्स टोला हाणतो, काही फ्रेंच टाळक्यांवर तर केसच नसतात. (इंग्रजीत 'क्राउन' म्हणजे मोहर आणि टाळकंही.) ज्या रोगात केस गळत त्याला इंग्रज फ्रेंच रोग म्हणत. आपल्याकडे सोळाव्या शतकात भावमिश्र या वैद्याने त्याच रोगाला 'फिरंग रोग' म्हटलंय. मोहर 'फिरंगी' केलीत की कोटी आपोआप मराठीत उतरते.

शेवटी चिकटवण्याचं, कारण तुम्हाला फेस्टेची दाढी लावायचीच आहे. लंडनच्या सेंट पॉल्समधल्या मुलांच्या नाटक कंपनीत सगळेच नट पोरगे, म्हणजे म्हातारा, राजा, सेनापती सगळ्यांच्या दाढ्या उसन्या. याच कंपनीसाठी जॉन मार्स्टनने लिहिलेल्या 'अँटोनिओज रिव्हेंज' या १६०२ साली छापलेल्या नाटकात बालुर्डो अर्धी लागलेली, अर्धी सुटलेली दाढी घेऊन प्रवेश करतो आणि तक्रार करतो की कपडेपटवाल्याने ती नीट डकवली नाही. नाटककाराने रोजची भीती उचलून रंगमंचावर आणली. तुमच्या फेस्टेसाठी डिंक नको. त्याला प्रेक्षकांसमोर दाढी चढवायची आणि उतरवायची आहे, तेव्हा क्रेपची, म्हणजे नकली केसांची, दाढी जाळीवर शिवून कानामागून इलॅस्टिक घ्या, आणि ते दिसलं तर दिसू द्या. बॉटमही आपल्या मंडळींना दाढ्यांना चांगल्या दोऱ्या लावा असंच सांगतो. स्पिरिट गम, म्हणजे चेहऱ्यावर दाढी चिकटवायचा गोंद, ठेवा तो ज्यांची दाढी प्रयोगभर राहायची आहे त्यांच्यासाठी, आणि पावसाळ्यात प्रयोग असेल तर तोंडाच्या कोपऱ्यांशी तो दुसऱ्यांदा लावा, घामाने दाढी तिथूनच सुटते.

हे नाटक झालं की मुलांना 'सर थॉमस मोअर' वाचायला द्या. साधारण १६०० च्या सुमाराचं, आठव्या हेन्रीचा चॅन्सेलर मोअर याच्यावर अनेकांनी मिळून लिहिलेलं हे नाटक, ज्याच्या हस्तलिखितातली काही पानं शेक्सपिअरच्या हातची मानली जातात. मोअरच्या घरी पाहुण्यांपुढे नट खेळ करणार असतात आणि तो अडतो, कारण तरुण 'विट'साठी, म्हणजे बुद्धीच्या पात्रासाठी, लांब दाढी आणायला एक नट ओगलच्या दुकानी धावलाय. ओगल हा खरोखरचा माणूस, दरबारी करमणूक खात्याच्या हिशेबात दाढ्या पुरवणारा म्हणून त्याचं नाव आहे. मोअर म्हणतो, बुद्धीला दाढी कशाला, ती केसांवर थोडीच अवलंबून असते! नट वेळेत परत येत नाही तेव्हा मोअर स्वतः त्याच्या जागी उभा राहून काम करतो. त्याच नाटकाच्या शेवटी मोअर वधस्तंभापाशी येतो आणि मारेकऱ्याला बजावतो, माझी दाढी कापू नकोस हं. मग त्याला आठवतं: अरे हो, तिला तर काल रात्रीच देहदंड झाला, तिचं धड टॉवरच्या तुरुंगात पुरलंय.